‘पाच मिनिटांच्या कामाचे आठशे रुपये’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. शनिवारी तुम्हाला तीन तास ताटकळावं लागलं, बसायला धड खुर्ची नव्हती, आणि आमचा पोरगा तुमच्याशी तोडून बोलला. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्याला समज दिली आहे.

पण ‘रंग खरवडून एक नट आवळला आणि आठशे घेतले’ हे जे तुम्ही लिहिलंय, ते फार लागलं. खरवडायला पाच मिनिटंच लागली, खरं आहे. कुठं खरवडायचं ते शोधण्यात दुपार गेली.

गाडी आणलीत तेव्हा म्युझिक सिस्टिमचा आवाज वाढवून बेस पडला की अँपचा, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरचा, लाल दिवा लागायचा आणि सगळं बंद व्हायचं. आधीच्या दुकानाच्या सांगण्यावरून तुम्ही नवी बॅटरीही टाकून आला होतात, तरी त्रास तोच. नवा अँप मलाही गळ्यात मारता आला असता, समोर शोकेसमध्येच होता. मी मीटर हातात घेतला.

इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१. म्हणजे बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर दोन्ही ठणठणीत, दुखणं वायरिंगमध्ये. पण करंट ओढला जात नाही तोवर खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो, म्हणून बेस जोरात लावूनच मोजावं लागतं. तुमचा अँप तर तीन-चार सेकंदांत बंद पडायचा. परत चालू करायचा, परत मोजायचं. शेजारच्या दवाखान्यातून आवाज कमी करा म्हणून दोनदा माणूस आला, तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात.

बेस चालू असताना बॅटरीवर १३.६ आणि डिकीत अँपच्या टर्मिनलवर १०.८. वाटेत २.८ व्होल्ट गायब. पॉझिटिव्ह वायरच्या दोन्ही टोकांना मीटर लावला तर तिथं ०.७ जात होते. उरलेले २.१ अर्थिंगमध्ये, म्हणजे अँपपासून गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या परतीच्या वायरमध्ये. मागची सीट आणि कार्पेट काढल्यावर सापडलं: अर्थिंगची वायर सीटबेल्टच्या बोल्टखाली, रंगावरच दाबलेली. रंगातून करंट नीट जात नाही. वायरच्या टोकाचा काळा पडलेला तो लग मी तुमच्या हातात दिला होता. अजून ड्रॉवरमध्ये आहे.

सीटबेल्टच्या बोल्टला वायर अडकवायची नसते सर, त्यावर माणसाचा जीव असतो. तो मोकळा करून नीट आवळला. अर्थिंगला वेगळी जागा घेतली, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारला, नवा लग आणि स्टार वॉशर टाकला, गंज चढू नये म्हणून वरून रंग लावला. मग त्याच आवाजाला अँपवर १२.८ आले. मीटर तुम्हाला दाखवला होता.

शिवाय मेन फ्यूज डिकीत होता. म्हणजे बॅटरीपासून मागपर्यंतची साडेचार मीटर वायर विनाफ्यूज. कुठं पत्र्याला घासली असती तर गाडी पेटली असती. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत नवा होल्डर बसवला, त्याचे १५० त्या आठशेतच आहेत. मजुरी ६५०.

‘बेस आधीपेक्षा कमी झाला’ असंही लिहिलंय. तुमच्या ऑनलाइन किटमधली वायर ८ गेज सीसीए आहे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ते ०.७ व्होल्ट तिथंच जातात. ४ गेज, म्हणजे जास्त जाड, तांब्याची टाकू म्हणालो, तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणालात. म्हणून गेन, म्हणजे अँपचा जोर ठरवणारी सेटिंग, मुद्दाम खाली ठेवलाय. हे तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं, तपासणीची मजुरी वेगळी लागते हेसुद्धा. ते राहिलं, चूक आमची.

सतरा वर्षं याच गल्लीत दुकान आहे. परवा एक गिऱ्हाईक मोबाईलवर तुमचा रिव्ह्यू दाखवून ‘मजुरी निम्मी करा’ म्हणालं. दोन पोरांचे पगार या मजुरीतूनच होतात, सर.

खुर्च्यांचं बघतोय, दरांचा बोर्डही लावू. वायर बदलायला कधीही या, मजुरी घेणार नाही. तोवर गेनच्या स्क्रूला कृपया हात लावू नका.