घटसर्प: लोह संपलं की विष
तुमच्या जंतूंवरच्या लेखात ‘भरपूर अन्न मिळालं की जंतू जास्त घातक होतात’ असं लिहिलंय. घटसर्पाच्या (डिप्थेरियाच्या) जंतूचं बरोबर उलटं आहे. लोह मिळतं तोवर त्याचं एक प्रथिन विषाच्या जनुकावर बसून ते बंद ठेवतं. आपल्या शरीरात मोकळं लोह जवळजवळ नसतंच, मग ते प्रथिन सुटतं आणि विष तयार होऊ लागतं. आणि ते जनुक मुळात जंतूचं नाहीच, जंतूत शिरणाऱ्या एका विषाणूनं (व्हायरसनं) आणून दिलेलं! लोहाचा हा परिणाम १९३६ सालीच प्रयोगात दिसला होता. पुण्यात बीएस्सीच्या मुलांना हे शिकवताना मी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचं उदाहरण देते. घटसर्पाची लस तिथे बनते, आणि ही लस निष्प्रभ केलेल्या विषापासून बनते, म्हणजे आधी विष हवं, म्हणून जंतू वाढवण्याच्या द्रावणात लोह अगदी मोजून ठेवावं लागतं. संपादकांनी ते वाक्य कृपया बदलावं, मुलं असे लेख वाचून अभ्यास करतात.