दोन तृतीयांश जमले की आमदारकी वाचली?

पक्षांतरबंदीवरचा एक मेसेज पुन्हा फिरू लागलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोन तृतीयांश आमदार फुटले की कायदा त्यांना लागत नाही, राजीनामा दिल्याशिवाय पक्ष सोडला असं धरत नाहीत, आणि व्हिप, म्हणजे मतदानाबाबत पक्षाचा आदेश, मोडला की आमदारकी तिथल्या तिथे जाते, मग मतदान राज्यसभेचं का असेना.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त चिकटून बसलाय. १९८५ साली राज्यघटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, आलं तेव्हा एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकलं. आता उरलंय ते फक्त दुसऱ्या पक्षात विलीनीकरण, आणि दोन तृतीयांशाचा आकडा त्यासाठी आहे. गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये विलीन झाले. सभापतींनी ते मान्य केलं आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही उचलून धरलं. मूळ पक्ष जागेवरच असताना नुसत्या आमदारांचं विलीनीकरण कसं होतं, हे मला आजही पटत नाही. पण तिथेही ते दहा जण भाजपचे झाले; वेगळा गट करून बसले नाहीत.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेनेचे ५५ आमदार होते, म्हणजे दोन तृतीयांश ३७. शिंदे गटाकडे तेवढे होते. तरी विलीनीकरणाचा दावा त्यांनी केलाच नाही. आम्हीच शिवसेना, असं ते म्हणाले. दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं तर नाव आणि धनुष्यबाण दोन्ही सोडावे लागले असते. नुसत्या आकड्यावर भागलं असतं तर हा खटाटोप कशाला?

व्हिप कोणाचा, हे तर मेसेजवाल्यांना सुचलेलंही नाही. व्हिप काढणारा प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटाचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं आणि शिंदे गटाचे प्रतोद भरत गोगावले यांची नेमणूक बेकायदा ठरवली. मग राजकीय पक्ष नेमका कोण, हे ठरवायचं काम विधानसभा अध्यक्षांकडे आलं. त्यांनी शिंदे गटालाच खरा पक्ष ठरवलं, गोगावलेही वैध ठरले आणि अपात्र कोणीच झालं नाही.

राजीनाम्याचं म्हणाल तर उत्तर गोव्यातूनच १९९४ मध्ये आलंय. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगोप) दोन आमदारांनी पक्षाचा राजीनामा दिला नव्हता, पण दुसऱ्या बाजूच्या नेत्याबरोबर ते राज्यपालांना भेटले होते. वागण्यावरूनही पक्ष सोडल्याचं ठरवता येतं, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं आणि त्यांची अपात्रता कायम राहिली.

‘तिथल्या तिथे’ तर काहीच होत नाही. व्हिप मोडणाऱ्याला पक्ष १५ दिवसांत माफ करू शकतो. नाही केलं तर अध्यक्षांकडे याचिका, नोटीस, सुनावणी. परिशिष्टात मुदत लिहिलेली नाही. साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं. शिवसेनेच्या जून २०२२ पासूनच्या याचिकांचा निकाल लागला १० जानेवारी २०२४ ला.

राहिली राज्यसभा. तिथे आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, नाही दाखवली तर मत बाद. पण दाखवून दुसऱ्याला मत दिलं, तर तेवढ्यावरून दहाव्या परिशिष्टाखाली आमदारकी जात नाही. पक्षाने हकालपट्टी करावी, हवं तर.