पाच मिनिटांत अप्रूवल देणाऱ्या अ‍ॅड नेटवर्कचा तो मेसेज खरा मानू नका

आपल्याकडच्या न्यूज पोर्टल आणि बाजारभाव साईटवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सध्या एक मेसेज लई फिरायलाय. मला लातूर, नांदेड, परभणी, बीड असा चारी बाजूंनी तोच फॉरवर्ड आला. त्यात म्हणलंय की अ‍ॅडसेन्स (गूगलची साईटवर जाहिराती लावून पैसे देणारी सेवा) मराठी साईटला अप्रूवल देत नाही, त्याचा नाद सोडा, या नेटवर्कला (साईटवर टाकायला कोड देऊन त्यातून जाहिराती दाखवणारी कंपनी) जॉईन व्हा, पाच मिनिटांत अप्रूवल, कागदपत्र काही नाही, हजार व्ह्यूला पाच-सहा डॉलर, जाहिरात कुठली येते त्याची जबाबदारी आपली नसते, मी माझ्या मोबाईलवर स्वतः चेक केलंय काही घाण येत नाही, आणि नाहीच पटलं तर कोड काढून टाका, विषय संपला.

नेटवर्कचं नाव लिहीत नाही, कारण ते बदलत राहतं आणि मेसेज तोच राहतो. असलाच एक कोड दोन वर्षांपूर्वी मी माझ्या बाजारभावाच्या साईटवर टाकला होता, चार महिने ठेवला होता, म्हणून हे लिहायलोय.

अ‍ॅडसेन्स मराठीला देत नाही हे साफ खोटंय. २०१८ पासून अ‍ॅडसेन्समध्ये मराठी आहे. आपल्या साईट रिजेक्ट होतात त्या भाषेमुळं नाही तर प्रेसनोट जशीच्या तशी, जीआर जसाच्या तसा, नाहीतर दुसऱ्याची बातमी हेडिंग बदलून टाकलेली असते म्हणून. रिजेक्टच्या मेलमध्ये 'लो व्हॅल्यू कंटेंट' असं येतं ते नीट वाचा. मी पण दोनदा रिजेक्ट झालो, कारण मी नुसते भावाचे टेबल चिटकवत होतो जे दहा साईटवर तसेच्या तसे असतात. नंतर रोज सकाळी आडतीवर फोन लावून सोयाबीनची आवक किती झाली, ओलावा किती धरायलेत, डागी मालाला किती कमी लावायलेत, असं चार-सहा ओळी स्वतः लिहायला लागलो आणि तिसऱ्या वेळी अप्रूवल आलं. आणि हे पण बघा, अ‍ॅडसेन्सच्या नियमातच आहे की जिथं वाचणाऱ्याला अडवणारे पॉपअप, पॉपअंडर (पेजच्या मागं गुपचूप उघडणारी खिडकी) उघडतात किंवा आपोआप काहीतरी डाऊनलोड सुरू होतं तिथं त्यांची जाहिरात चालत नाही, म्हणजे हा कोड टाकून बसलात तर तो रस्ता तुम्ही स्वतःच्या हातानं बंद करायलात.

पाच मिनिटांत अप्रूवल मिळतं हे खरंय. पण तुम्ही कोण, साईटवर काय आहे, हे न बघता जो तुम्हाला आत घेतो तो जाहिरातवाल्यालाही तसाच न बघता आत घेतो.

पैशाचं सांगतो. पाच-सहा डॉलर हा आकडा बहुतेक करून अमेरिका-युरोपातल्या वाचकाचा असतो. आपला वाचक औशाचा, गंगाखेडचा, देगलूरचा, त्याच्या हजार व्ह्यूला तेवढं कोण देणार? मला चार महिन्यांत डॅशबोर्डवर ४३ डॉलर दिसले, किमान ५० झाल्याशिवाय काढता येत नव्हते, आणि ४३ च्या पुढं गेलं की 'ट्रॅफिक क्वालिटी' म्हणून कापून पुन्हा खाली यायचं. मेल केला, उत्तर नाही. फोन नंबर नाही, पत्ता नाही, कुणाकडं जाणार. एक रुपया हातात आला नाही. आता एका कृषी सेवा केंद्राचं बॅनर महिन्याला १५०० रुपयांनी आहे, ते दुकान मला माहीत आहे, मालकाला मी ओळखतो, त्यानं चुकीचं काही लावलं तर मी जाऊन सांगू शकतो.

आता 'मी माझ्या मोबाईलवर चेक केलं' हे वाक्य. सगळ्यात जास्त लोक यालाच फसतात, मी पण फसलो.

तुम्ही जो कोड टाकता तो म्हणजे जाहिरात नाही, ती बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी स्क्रिप्ट असते आणि पेजमध्ये सरळ टाकली की तिला तुमच्या स्वतःच्या कोडएवढेच अधिकार मिळतात. लिंक बदलणं, पेज दुसरीकडं पळवणं, फॉर्ममध्ये कोण काय टाईप करतंय ते वाचणं, सगळं तिला करता येतं. आणि दाखवायचं काय हे ती समोरचा माणूस बघून ठरवू शकते: मोबाईल आहे का कॉम्प्युटर, मोबाईल डेटा का वायफाय, गूगलवरून आला का व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून, पहिल्यांदा आला का रोजचाच आहे. साईटमालक दिवसातून वीस वेळा आपलीच साईट उघडतो, त्याच ब्राऊझरमध्ये नेटवर्कचं डॅशबोर्ड उघडं असतं, कुकीवरून (ब्राऊझरमध्ये साठवलेली ओळखीची खूण) तो लगेच ओळखू येतो, मग त्याला कशाला घाण दाखवतील! मला चार महिने साबणाची नाहीतर गाड्यांची जाहिरात दिसायची. आणि त्याच चार महिन्यांत रेणापूरकडच्या माझ्या मामांच्या मोबाईलवर 'तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले' म्हणून लाल स्क्रीन यायची, मागं जायचं बटण दाबलं तरी जायची नाही. मामा म्हणले, "अरे तुझ्या साईटवर सोयाबीन बघाव म्हणलं की फोन बोंबलायलाय, काय लावून ठेवलंस?" मी त्यांनाच म्हणलो मामा तुमच्या फोनमध्येच काहीतरी असल. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

शिवाय जाहिरातीची जागा एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं विकली जाते, शेवटी कुणाची लागली हे नेटवर्कलाही धड सांगता येत नाही. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीसारख्या साईटवर जाहिरातीतून मालवेअर पसरवणारा कोड वाचकांपर्यंत गेला होता. त्यांच्याकडं मोठमोठे इंजिनिअर असून हे झालं, मग आपण रात्री जेवून झाल्यावर साईट सांभाळणारी माणसं ते कसं पकडणार.

जबाबदारी आपली नसते म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं १३ जून २०२२ ला सगळ्या माध्यमांना आणि ३ ऑक्टोबर २०२२ ला खास डिजिटल न्यूजवाल्यांना ऑनलाईन सट्ट्याच्या जाहिराती लावू नका म्हणून कळवलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा जो कायदा केला त्यात पैशाच्या गेमची जाहिरात केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. मर्दानी ताकदीच्या औषधांची जाहिरात तर १९५४ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. या नेटवर्कवर मेन माल हाच असतो, सट्टा, ताकदीची औषधं, झटपट लोन. आणि पोलीस विचारायला आले तर साईटवर नाव-पत्ता तुमचाच सापडणार, नेटवर्कवाल्याचा नाही.

शेवटचं, 'कोड काढला की विषय संपला'. बऱ्याच नेटवर्कमध्ये कोडबरोबर एक छोटी फाईल साईटच्या मुख्य फोल्डरमध्ये टाकायला सांगतात. ती नोटिफिकेशनची असते. वाचकाला 'अलाऊ' विचारलं जातं, त्याला वाटतं भाव कळवत असतील, तो दाबतो. त्यानंतर तुम्ही कोड काढा, अकाउंट बंद करा, ज्यानं अलाऊ दाबलंय त्याच्या मोबाईलवर मेसेज येतच राहू शकतात आणि त्यावर नाव असतं तुमच्या साईटचं. मी कोड काढल्यावर दीड महिन्यानं उदगीरच्या एका वाचकानं स्क्रीनशॉट पाठवला: 'तुमचे पैसे जमा झाले, इथं दाबा'. खाली माझ्या साईटचं नाव. ते पीकविम्याची वाट बघायलेले होते. नशीब त्यांनी आधी मला विचारलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

क्रोमचं पण सांगून ठेवतो, ९ जुलै २०१९ पासून जगभरात क्रोम त्रासदायक जाहिरातींबद्दलचे नियम मोडणाऱ्या साईटच्या सगळ्याच जाहिराती बंद करू शकतं, चांगल्या असल्या तरी. आणि मालवेअर सापडलं तर वाचकासमोर लाल पेज येतं, 'पुढची साईट धोकादायक आहे' म्हणून. साफ करून, रिव्ह्यू मागून ते जातं, पण तोवर रोजचा माणूस दुसऱ्या साईटवर गेलेला असतो.

ज्यांनी कोड टाकलाय त्यांनी आज रात्री एवढं करा. घरातल्या दुसऱ्या कुणाचातरी मोबाईल घ्या, आईचा, भावाचा, ज्यावर तुमची साईट कधी उघडली नाही असा. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून साईट उघडा, चार-पाच ठिकाणी दाबा, मागं जाऊन बघा. मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फोनवर परत. काही उघडलं तर कोड आणि ती फाईल दोन्ही काढा, अ‍ॅड्स डॉट टीएक्सटीमध्ये (साईटवर जाहिराती कोण विकू शकतं त्याची यादी असलेली फाईल) नेटवर्कनं पेस्ट करायला दिलेल्या ओळी पण काढा, आणि साईटवर सगळ्यात वर नोट लावा. मी पंधरा दिवस ही लावली होती, पाहिजे तर नाव बदलून घ्या:

"आमच्या साईटच्या नावानं पैसे, लोन किंवा व्हायरसचा मेसेज आला तर तो आम्ही पाठवलेला नाही, त्यावर दाबू नका. क्रोमच्या सेटिंगमध्ये साईट सेटिंग, मग नोटिफिकेशन, तिथं आमच्या साईटचं नाव शोधून ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. जमत नसेल तर आम्हाला फोन करा, आम्ही समजावून सांगू."

खाली मी माझा नंबर दिला होता. ६० च्या वर फोन आले, एकेकाला समजावून सांगितलं.