सेगा यंत्रामुळे बुडाली नाही

भारताने स्वतःचा गेमिंग कन्सोल काढावा का, यावर नागपूरकर गेमवेड्यांमध्ये वाद पेटला की दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, मिहान या औद्योगिक वसाहतीत जागा आहे, शहरात इंजिनिअर आहेत, बाहेरून तगडी चिप आणा आणि प्लेस्टेशनच्या निम्म्या किमतीत यंत्र विका. दुसरी बाजू सेगाचं उदाहरण देते. एवढी बलाढ्य जपानी कंपनी, पण लोकांनी तिच्या ड्रीमकास्ट या शेवटच्या कन्सोलच्या सीड्या कॉपी करून तिला संपवलं. मग ज्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कॉपी केलेले खेळ चालावेत म्हणून चिप मारलेले पीएस२ (प्लेस्टेशन २) खपले, तिथे आपलं यंत्र कोण जगू देणार?

सेगाच्या शहरात, टोकियोत राहून हे ऐकताना वाटतं की दोन्ही बाजू फक्त डब्याच्या आत बघताहेत. सेगाचा घात डब्याबाहेर झाला. दुकानदार दुखावला आणि आधीचं यंत्र घेतलेलं गिऱ्हाईक फसलं. चिपचा आणि पायरसीचा हिशेब त्यानंतरचा.

आधी यश बघू, कारण ते खरंच मोठं होतं. सेगाचा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल १९८८ साली जपानात आला आणि पुढच्या वर्षी जेनेसिस या नावाने अमेरिकेत. आत मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर होता. सेगाच्या आर्केड मशिनांतही तोच असल्याने तिथले खेळ घरच्या टीव्हीवर आणणं सोपं गेलं. जपानात हे यंत्र सुपर फॅमिकॉम आणि पीसी इंजिन या प्रतिस्पर्धी कन्सोलांच्या मागे तिसरंच राहिलं. अमेरिकेत सेगाचे तिथले प्रमुख टॉम कालिन्स्की यांनी किंमत १८९ डॉलरवरून १४९ वर आणली, १९९१ मध्ये सोनिकचा खेळ यंत्रासोबत फुकट दिला आणि अमेरिकी मुलांसाठी तिथेच खेळ बनवून घेतले. टोकियोतल्या संचालकांना हे पटलं नव्हतं, तरी अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी करू दिलं. लांबच्या बाजारातल्या माणसाला तिथला निर्णय घेऊ देणं, हे सेगाचं सगळ्यात मोठं शहाणपण. पुढे नेमकं तेच सुटलं.

१९९४ च्या नोव्हेंबरात २१ तारखेला अमेरिकेत ३२एक्स आला, आणि दुसऱ्याच दिवशी जपानात सॅटर्न, सेगाचा पुढचा कन्सोल. ३२एक्स म्हणजे मेगा ड्राइव्हच्या कार्ट्रिजच्या खाचेत वरून खोचायचा जोडभाग, किंमत १५९ डॉलर. तो बसवायचा तर आधी खाचेत धातूच्या पट्ट्या घालायच्या, मग मेगा ड्राइव्हच्या व्हिडिओ आउटमधून एक केबल ३२एक्सकडे न्यायची, तिथून दुसरी टीव्हीकडे. त्याला अडॅप्टर वेगळा. शेजारी मेगा सीडी, म्हणजे सीडीवरचे खेळ चालवणारा जोडभाग, असेल तर तिचाही वेगळा. म्हणजे एका खेळण्याला भिंतीवर तीन जाडजूड अडॅप्टर. केबल ढिली राहिली की चित्र अर्धंच, आणि लोकांना वाटायचं यंत्रच खराब. एवढं करून खेळ आले चाळीसेक. ज्याने पैसे खर्चून हे घेतलं, त्याला काही महिन्यांत कळलं की कंपनीचा जीव सॅटर्नमध्ये आहे आणि सॅटर्नवर ३२एक्सचे खेळ चालत नाहीत. ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुकानात थांबून बघणार, लगेच पैसे काढणार नाही. ड्रीमकास्टचं दुखणं मला इथे सुरू झालेलं दिसतं.

सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ ला येणार, असं जाहीर झालं होतं. टोकियोच्या आग्रहाखातर ११ मे रोजी, लॉस एंजेलिसच्या ई-३ या गेमिंग प्रदर्शनात, 'आजपासूनच विक्री सुरू' अशी घोषणा झाली. माल पोचला होता फक्त चार दुकानसाखळ्यांकडे. वॉलमार्ट आणि बेस्ट बाय यांना वगळलं गेलं, आणि केबी टॉईजने तर सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. बाहेरच्या कंपन्यांचे खेळ सप्टेंबरच्या हिशेबाने चालले होते, त्यामुळे सुरुवातीला सेगाचे स्वतःचे मूठभर खेळ सोडले तर विकायला काही नव्हतं. त्याच दिवशी सोनीने प्लेस्टेशनची किंमत सांगितली: २९९ डॉलर. सॅटर्न ३९९ चा होता.

किंमत उतरवणंही जड होतं, आणि इथे यंत्राचा दोष मान्य करायला हवा. सॅटर्नमध्ये हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर एकाच बसवर, म्हणजे माहितीच्या एकाच वाटेवर, बसवलेत, त्यामुळे दोघांना एकाच वेळी मेमरी वाचता येत नाही. चित्रासाठी दोन वेगळ्या चिपा: व्हीडीपी-१ आकृत्या काढते, व्हीडीपी-२ पार्श्वभूमी. आकृत्या चौकोनांच्या, तर बाकी जग त्रिकोणांकडे वळलेलं. प्रोग्रॅमरने असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, हात घातला तरच दोन्ही प्रोसेसर नीट राबायचे. इतक्या सुट्या चिपांचा बोर्ड स्वस्त होत नाही. सोनी चिपा एकत्र करत खर्च कमी करत गेली. तरी हेच किचकट यंत्र जपानात चांगलं खपलं; जगभर विकल्या गेलेल्या सुमारे ९२ लाख सॅटर्नपैकी निम्म्याहून अधिक इथले. दुकानं सोबत होती आणि खेळ वेळेवर येत होते.

आता पायरसी. ड्रीमकास्ट ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत १९९ डॉलरला आला आणि पहिल्या चोवीस तासांत ९.८ कोटी डॉलरची विक्री झाली. त्याची चोरवाट खरीच होती. मिल-सीडी नावाच्या संगीत-सीडीसाठी ठेवलेल्या दारातून साधी लिहिलेली सीडी चालू होई, चिप मारायचीही गरज नसे. पण ही वाट सर्रास खुली झाली २०००च्या मध्यात. त्याआधीच इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीने ड्रीमकास्टसाठी खेळ बनवायला नकार दिला होता आणि मार्च २००० मध्ये डीव्हीडी चालवणारा पीएस२ जपानात आला होता. ३१ जानेवारी २००१ ला सेगाने कन्सोल बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हाचे प्रमुख इसाओ ओकावा यांनी आपलं सेगाला दिलेलं कर्ज माफ केलं आणि सुमारे ६९.५ कोटी डॉलरचे शेअर कंपनीला परत देऊन तिला तगवलं. मार्चमध्ये ते वारले. पायरसी मारते म्हणणाऱ्यांनी सांगावं, ज्या पीएस२ला बर्डीपासून बँकॉकपर्यंत चिप मारली गेली, तो १६ कोटींच्या घरात कसा खपला?

यंत्र सदोष असूनही कंपनी तरली, असंही घडलं आहे. एक्सबॉक्स ३६०च्या ग्राफिक्स चिपचे बारीक जोड तापून-थंडावून तडकायचे आणि समोर तीन लाल दिवे लागायचे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. मायक्रोसॉफ्टची तिजोरी मोठी, हे खरं. पण तो पैसा नव्या जाहिरातींवर न घालता आधीच्या गिऱ्हाइकावर खर्च झाला.

आपल्या वादाला जवळचं उदाहरण मात्र ब्राझीलचं. तिथेही आयातकर जबर. टेकटॉय या कंपनीने सेगाची यंत्रं तिथल्याच मनाउस शहरात बनवली, खेळ पोर्तुगीजमध्ये आणले, तिथल्या मुलांच्या लाडक्या मोनिका या कॉमिकमधल्या मुलीला सेगाच्या खेळात घातलं. सेगाने कन्सोल सोडल्यावरही मास्टर सिस्टम हा मेगा ड्राइव्हच्याही आधीचा कन्सोल तिथे विकला जात राहिला. भारतात १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीने मेगा ड्राइव्ह आणला, तो ८० टक्के आयातकर चुकवायचा म्हणूनच. किंमत १८,००० रुपये, त्या काळी बऱ्याच नोकरदारांचा काही महिन्यांचा पगार. खेळ मराठीत नाही, हिंदीतही नाही. शेजारच्याच दुकानात निन्टेंडोची नक्कल त्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळायची.

म्हणून नागपूरसाठी यंत्र काढणाऱ्याला माझं सांगणं चिपपासून सुरू होत नाही. पीएस५च्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलंय. मे महिन्यात बाहेर ४५ असतं. कूलरच्या झोतात ठेवलं तर यंत्र थंड राहतं, पण ओलसर हवेबरोबर आलेली धूळ हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांत चिकटून थर धरते आणि पंखा महिनाभरात घरघरू लागतो. तेव्हा जाळी बाहेरून, स्क्रू न उघडता काढून धुता यावी. पॉवर सप्लायने १६० ते २८० व्होल्ट सहन करावेत. सेलच्या बाबतीत सॅटर्नकडे बघा: मागचं झाकण बोटाने उघडतं, सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदलला की झालं. ड्रीमकास्टमध्ये घड्याळाचा सेल आत बोर्डाला डाखलेला, बदलायला सोल्डरिंग लागतं. ड्रीमकास्टच्या कंट्रोलर-पोर्टच्या बोर्डावरचा एफ१ फ्यूजही तसाच. चालू यंत्रात कंट्रोलर काढ-घाल केली की कधी कधी तो उडतो आणि चारही पोर्ट एकदम मरतात. खेळता खेळता ड्रीमकास्ट आपोआप रीसेट होतो तेव्हा बहुतेकदा पॉवर सप्लायच्या पिना काळवंडलेल्या असतात. चार स्क्रू, त्यातला एक मोडेमखाली दडलेला, सप्लाय उचलायचा, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या. टोकियोत जुन्या वस्तूंच्या दुकानांत हे करून, 'चालतं' अशी चिठ्ठी लावून पंचवीस वर्षांची यंत्रं विकायला ठेवतात. न तपासलेली 'जंक'च्या पेटीत वेगळी, तीही सुट्या भागांसाठी उचलली जातात.

(इथून कुणी जुनं यंत्र मागवणार असेल तर एक लक्षात ठेवा: जपानी सॅटर्न-ड्रीमकास्ट १०० व्होल्टचे. २३० ते १०० चा ट्रान्सफॉर्मर घ्या. ११० चा नको, आणि थेट भिंतीत तर मुळीच नको.)

बर्डीच्या मोदी नंबर तीन या गल्लीत बसणाऱ्या कारागिराला सर्किटचा नकाशा आणि सुटे भाग कंपनीकडून उघडपणे मिळायला हवेत, पंखा, फ्यूज, कंट्रोलरची स्टिक, एचडीएमआयचं सॉकेट, निदान दहा वर्षं. दुकानदाराला विक्रीची तारीख महिनाभर आधी आणि सगळ्यांना एकच. आणि दुरुस्तीचं केंद्र शहरातच, कारण यंत्र मुंबईला कुरिअरने जाऊन तीन आठवड्यांनी परतणार असेल तर पहिल्याच बिघाडानंतर ते कपाटावर चढतं.