‘तेव्हा कशी छान बारीक झालतीस गं!’

आज परभणीत एका साखरपुड्याला गेले होते. डोकं तापलंय, म्हणून आल्याआल्या लिहायला बसले. भाची सोबत होती. तिने दुसऱ्यांदा जिलबी वाढून घेतली आणि नात्यातल्या एक बाई चारचौघींत मोठ्याने म्हणाल्या, ‘लॉकडाऊनमधे कशी छान बारीक झालतीस गं! आता पुन्हा सुटायलीस.’ बाकीच्या हसल्या. जिलबी ताटात तशीच राहिली.

ते ‘छान बारीक’ काय होतं ते ऐका. तिला विचारूनच लिहितेय.

मार्च २०२० मधे शाळा बंद झाली तेव्हा ती नववीत होती. दिवसभर मोबाइलवर वर्ग, आणि त्या चौकोनात स्वतःचाच चेहरा बघत बसायचं. मैत्रिणी नाहीत, ग्राउंड नाही. व्हॉट्सॅपवर मोठ्या माणसांचे एकच विनोद, घरात बसून बसून आपण दारातून मावणार नाही म्हणून. तिने आधी साखर सोडली, मग भात, मग रात्रीचं जेवणच. पुढच्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली. लातूरला अकरावी करायची म्हणून पहाटे उठून अभ्यास करणारं लेकरू ते. मार्क हातातून गेले, वजनाचा काटा तेवढा हातात राहिला.

घरच्यांना कळलं कसं नाही, असं विचाराल. कळणार कसं? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस. आपल्याकडे उपवास धरणारी पोर म्हणजे गुणाची पोर! आमची आई शेजारणींना कौतुकाने सांगायची. ती भगरीचेसुद्धा दोन घास खाऊन उठायची, ते कुणी मोजलं नाही. वर येणारा-जाणारा म्हणायचा, काय मस्त वजन उतरवलंस, आम्हालाही सांग की कसं केलंस. आजारी लेकराला आजाराबद्दल शाबासकी!

पाळी थांबली तेव्हा धावपळ सुरू झाली. थायरॉइड तपासून झालं, कावीळ तपासून झाली, नजर उतरवून झाली. एका डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि ‘चांगलं खाऊ घाला’ म्हणाले. परभणीच्या मे महिन्यात, जिथे माणूस ओला पंचा डोक्यावर टाकून फिरतो, तिथे ती गोधडी मागायची. केस पुंजक्यांनी गळायचे. शेवटी औरंगाबादला नेलं, तर नाडी इतकी मंद की आधी दाखल करून घेतलं. आणि खाऊ घालणंही सोपं नसतं, बरं का. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम तूप-रोटी कोंबली तर रक्तातले क्षार बिघडून जीवावर बेतू शकतं. हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखाली वाढवावं लागतं.

आजार आहे हा. ॲनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने जेवण तोडत जाण्याचा मानसिक आजार. मानसिक आजारांत जीव घेण्याच्या बाबतीत हा अगदी वरच्या रांगेत आहे. करोनाच्या काळात अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या मुलींचं खाण्याच्या आजारांसाठी तातडीच्या विभागात येण्याचं प्रमाण दुप्पट झालं, असं तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मधे सांगितलं. तिकडे निदान मोजतात तरी. इकडे ते एकादशीत खपून जातं. पोरांचं तर नावच नको. पावडरी पिऊन, जेवण सोडून सिक्स पॅक करायला निघालेले गल्लोगल्ली आहेत, त्यांना आपण ‘फिटनेसवाला’ म्हणतो.

आई एकदा दवाखान्यात रडत रडत म्हणाली, ‘बहात्तरच्या दुष्काळात आम्ही रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो खाल्ला, सुकडीवर दिवस काढले, अन् हिला ताटात असून नको?’ तिचा राग येत नाही मला. भूक म्हणजे घरात दाणा नसणं, एवढंच त्या पिढीने पाहिलं. आणि त्या २०२० मधे किती घरांत चूल पेटली नाही, किती माणसं उन्हात चालत गावी आली. त्यांना हे चोचले वाटतील. वाटू द्या, मान्य. पण म्हणून पोरीची नाडी वाढत नाही ना!

आणि मोबाइलला शिव्या देणाऱ्यांनो, थांबा. रीलवाल्या बायांनी भर घातली, खरंय. पण ‘सुटायलीस’ हे कुठल्या रीलमधे नव्हतं, ते आज मांडवात होतं.

येताना रिक्षात भाची बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, ‘आत्या, मी खरंच सुटले का गं?’ ती आता बरी आहे, कॉलेजला जाते, वहिनीच्या हातचे धपाटे मागून खाते. ते एवढं होईपर्यंत काय काय लागलं ते वहिनीला विचारा. भाकरीच्या एकेका चतकोरासाठी वहिनी तिच्या ताटापुढे तास तास बसायची, एक शब्द न बोलता.

तुमच्या घरात कुणी असं असेल, जेवणाची वेळ टाळत असेल, सारखी वजन करत असेल, जेवल्याबरोबर न्हाणीत जाऊन कडी लावत असेल, तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि या पोस्टखाली मध-लिंबू-कोमट पाणी लिहिणाऱ्याला मी विचारत बसणार नाही. सरळ ब्लॉक.