स्टेज हलवायचं नाही

मंगल कार्यालयाचा मॅनेजर हॉल दाखवायच्या आधी काय काय करता येणार नाही ते सांगतो. केटरर आमचाच. भिंतीला खिळा नाही. स्टेज हलवायचं नाही. मार्केटिंगवाल्यांनी वर्षाचे पैसे भरून ठेवलेला पेज बिल्डर (तयार ब्लॉक ओढून वेबपान जुळवायचं सॉफ्टवेअर) म्हणजे हाच मॅनेजर, पण मुका. आपण कोड चिकटवतो, ‘सेव्ह’ दाबतो, हिरवी टिक येते, आणि पान उघडावं तर कोड गायब!

ईथन मार्कोटने २०१० साली ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ (एकच पान लहान-मोठ्या पडद्यांवर नीट बसवणं) हा शब्द दिला, तेव्हा त्याच्या पाककृतीत तीनच जिन्नस होते: लवचिक ग्रिड (रकान्यांची आखणी), लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारे नियम). बिल्डरमध्ये ग्रिड कुलपात असतो. चित्रांचं माप बिल्डर स्वतःच टॅगमध्ये, म्हणजे चित्राच्याच कोडमध्ये, लिहून मोकळा होतो. उरली मीडिया क्वेरी. तिच्यासाठी ‘कस्टम सीएसएस’ (सीएसएस म्हणजे पान कसं दिसावं याचे नियम) नावाची काडेपेटीएवढी चौकट दिलेली असते. टॅगमध्येच लिहिलेल्या मापाला बाहेरून हरवायचं तर ‘इम्पॉर्टंट’ (हा नियम बाकीच्यांवर वरचढ) लावण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे माझ्या चौकटीत प्रत्येक ओळ इम्पॉर्टंट आहे. सरकारी लिफाफ्यांवरच्या ‘तातडीचे’ शिक्क्याची जी किंमत, तीच तिची.

डिझाइन येतं १४४० पिक्सेल रुंद. त्यात एक बॅनर, आणि बॅनरमधला मजकूर चित्रातच भाजलेला. पान ३६० पिक्सेलच्या फोनवर गेलं की चित्र चौपट लहान होतं आणि २४ पिक्सेलचं ‘अटी लागू’ ६ पिक्सेलचं उरतं. (अटींच्या बाबतीत कुणाची तक्रार नसते. पण किंमतही त्याच मापात असते.) उपाय साधा आहे: चित्र रिकामं मागवा आणि मजकूर वेगळ्या ब्लॉकमध्ये टाका. तो मागितला की डिझायनर असा चेहरा करतो की जणू पुरणपोळीतलं पुरण वेगळं वाढायला सांगितलंय.

खरा छळ आडव्या स्क्रोलचा. फोनवर पान अंगठ्याने किंचित डावीकडे सरकतं आणि उजवीकडे पांढरी चिरी दिसते. कारण बहुधा ठरलेलं. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस-संचाच्या जुन्या वळणाच्या ग्रिडमध्ये बाहेरच्या डब्याला दोन्ही बाजूंनी १५ पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) असतं आणि आतल्या ‘रो’ला, म्हणजे रकान्यांच्या आडव्या ओळीला, उणे १५ पिक्सेल मार्जिन (बाहेरची मोकळी जागा), दोन्ही मिळून हिशेब शून्य. ‘चित्र काठाला भिडू दे’ म्हणून कुणीतरी स्लायडर ओढून डब्याचं पॅडिंग शून्य करतं. रो दोन्हीकडे १५ पिक्सेल बाहेर डोकावते. डावीकडचे कधी दिसत नाहीत, कारण ब्राउझर त्या बाजूला स्क्रोलच देत नाही. उजवीकडचे मात्र साहेबांना दिसतात.

गुन्हेगार पकडायचा तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये सगळ्या घटकांना एक पिक्सेलची लाल आउटलाइन द्यावी. बॉर्डर देऊ नये. बॉर्डर जागा खाते आणि निरपराध घटकही बाहेर ढकलले जातात. मग ३६० रुंदीवर खाली उतरत जायचं. जो चौकोन रेषेबाहेर गेला, तो चोर. आळशी लोक बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, ‘ओव्हरफ्लो हिडन’ (बाहेर गेलेलं लपवा) लावून मोकळे होतात. तेच एखाद्या मधल्या डब्याला लावलं, तर त्याच्या आतला स्टिकी (स्क्रोल करताना पडद्याला चिकटून राहणारा) मेनू चिकटायचा बंद होतो आणि दुसरी तक्रार सुरू होते. रोचं उणे मार्जिन त्या एका सेक्शनपुरतं शून्य करणं, एवढंच खरं औषध.

नंतर पंगत. डेस्कटॉपवर झिगझॅग मांडणी छान दिसते: चित्र-मजकूर, मजकूर-चित्र. फोनवर रकाने एकाखाली एक बसतात आणि क्रम होतो चित्र, मजकूर, मजकूर, चित्र. म्हणजे वरण एका पानावर आणि भात पुढच्या. दुसऱ्या रोला फ्लेक्स करून ‘कॉलम-रिव्हर्स’ (खालचं वर, वरचं खाली) दिलं की पंगत सरळ होते. बिल्डरच्या मते यावर सोपा मार्ग आहे: ब्लॉकची दुसरी प्रत काढा, एक मोबाइलवर लपवा, दुसरी डेस्कटॉपवर. पण लपवलेलं चित्रही बहुधा डाउनलोड होतंच. आणि लपवलेला ब्लॉक फॉर्मचा असेल तर एकाच आयडीचे दोन फॉर्म पानावर बसतात; लेबलवर बोट ठेवलं की हाक अदृश्य जुळ्या भावाला जाऊ शकते आणि कर्सर कुठेच येत नाही.

मराठी पानांचं दुखणं निराळंच. थीममध्ये शीर्षकाची लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या पटीत) १.१ ठेवलेली असते, इंग्रजीच्या बेताने. मराठी शीर्षक फोनवर दोन ओळींत मोडलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना धडकतात. निदान १.४ हवीच. अक्षरांना ग्रेडियंट रंग असेल तर बघायलाच नको: रंग डब्यापुरताच भरतो, त्यामुळे पहिल्या ओळीतली वेलांटी, रफार वगैरे डब्याबाहेर गेले की छाटले जातात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) २ पिक्सेल ठेवलं की शिरोरेषेचे तुकडे, वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. फॉन्टही तपासावा. पॉपिन्समध्ये देवनागरी आहे, मॉन्टसेराटमध्ये नाही. नसली की प्रत्येक फोन आपल्या पदरचा फॉन्ट वापरतो आणि ओळ प्रत्येकाकडे वेगळीकडे तुटते.

फॉर्मच्या रकान्यात १६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षर ठेवलं तर आयफोन रकान्यावर बोट ठेवताच पान झूम करतो आणि बाहेर आणायचं नाव घेत नाही. बिल्डरचा डिफॉल्ट? चौदा. तळाशी चिकटलेलं ‘आत्ताच नोंदणी करा’ बटण ४८ पिक्सेल उंच असावं. पण त्यावर चॅटचा गोल गोळा येऊन बसतो. बटणाचा झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर बसणार तो आकडा) ९९९९ करा, गोळा हलत नाही. त्याचा झेड-इंडेक्स बहुधा २१४७४८३६४७ असतो, म्हणजे ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा चिन्हयुक्त (साइन्ड) पूर्णांक. त्याच्यापुढे चढाओढ नाही. बटणच ७० पिक्सेल वर घ्यावं.

बिल्डरच्या प्रीव्ह्यूवर विश्वास ठेवू नये. तो नुसती अरुंद खिडकी दाखवतो. त्यात ना कीबोर्ड वर येतो, ना ॲड्रेस बार. १०० व्हीएच, म्हणजे पूर्ण पडद्याएवढ्या, उंचीच्या बॅनरचं तळाचं बटण प्रीव्ह्यूत दिमाखात दिसतं आणि खऱ्या फोनवर ॲड्रेस बारच्या उंचीएवढं खाली बुडतं.

“अहो, माझ्या फोनवर बिघडलंय सगळं.”

“कुठला फोन आहे, सर?”

“नवाच आहे.”

यापुढे माहिती मिळत नाही. साहेबांनी फोनवर अक्षरं ‘सर्वात मोठी’ करून ठेवलेली असतात आणि बटणाची उंची आपण पिक्सेलात बांधलेली असते. ती काढून किमान उंची द्यावी, वाढतं अक्षर मावतं.

हे सगळं जुळतं ते शुक्रवारी, साडेपाचच्या सुमाराला. बिल्डर ब्लॉकला धड नाव देऊ देत नाही, आयडी दर वेळी पान प्रकाशित करताना बदलतात, म्हणून सगळी सीएसएस ‘तिसरा सेक्शन’, ‘पाचवा सेक्शन’ अशी मोजून लावलेली असते. तेवढ्यात मार्केटिंगकडून निरोप येतो: वर फक्त एक छोटी ऑफरची पट्टी टाकलीय, बाकी कशालाही हात लावलेला नाही.

तिसरा सेक्शन चौथा होतो, पाचवा सहावा. किमतींचा तक्ता उलटा उभा राहतो आणि संचालकांचा फोटो नोंदणीच्या बटणाच्या मापात बसतो: पूर्ण रुंद, ४८ पिक्सेल उंच.