‘हदीस आहे’ एवढं सांगून भागत नाही

मयताच्या घरी रडणाऱ्या बाईला गप्प करणं हा आमच्या समाजात आता धर्माचाच भाग होऊन बसलाय. निपाणीत नात्यातल्या एका घरी तरणाताठा मुलगा गेला. जनाजा अजून उठायचा होता. आई भिंतीला टेकून रडत होती. ऊर बडवत नव्हती, ओरडत नव्हती, डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. शेजारच्या मोहल्ल्यातल्या एक जाणत्या बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रोओ नक्को गे. तू रोई तो मय्यत कू अज़ाब होता. हदीस है." त्या माउलीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. आपल्या रडण्यानं पोराला कबरीत त्रास होईल, या भीतीनं.

मला त्या बाईंचा राग नाही. त्यांनी जे ऐकलं तेच सांगितलं, आणि चांगल्या मनानं सांगितलं. मला बोलायचंय ते त्या ‘हदीस है’बद्दल, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याचं म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कथनाबद्दल.

ती हदीस आहे, खोटी नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हजरत उमर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल्लाह यांच्याकडून आलेली आहे. पण त्याच संग्रहांत, तिच्याच शेजारी आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे, आणि ती कुणी सांगत नाही. हे कथन पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी ते मान्य केलं नाही. सांगणारा खोटं बोलत नाही, पण त्याच्या ऐकण्यात किंवा लक्षात ठेवण्यात चूक झालीय, असं त्या म्हणाल्या. प्रसंग वेगळाच होता. एक यहुदी बाई वारली होती, घरचे लोक तिच्यासाठी रडत होते. पैगंबर (स.) तिथून जाताना म्हणाले की हे लोक इकडं रडतायत आणि तिला तिकडं कबरीत शिक्षा होतेय. रडण्यामुळं शिक्षा, असं ते म्हणालेच नव्हते. आणि मग आयेशांनी कुरआनची आयत पुढं ठेवली: कुणीही दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही. सूरह अनआममध्ये १६४ वी आयत आहे, कुणीही काढून बघावी. ज्याचं पाप त्याच्या माथी, हा कुरआनचा नियम असताना आईच्या आसवांची शिक्षा लेकराला कशी होईल?

स्वतः पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा ते रडले. डोळा पाझरतो, काळीज दुखतं, पण आम्ही रबला आवडेल तेच बोलतो, असं ते म्हणाले. हेही बुखारीतच आहे. पुढच्या उलेमांनी (धर्मपंडितांनी) दोन्ही बाजूंचा मेळ घालायचा प्रयत्न केला. बऱ्याच जणांनी सांगितलं की मनाई आहे ती छाती पिटून, कपडे फाडून केलेल्या आक्रोशाला, आणि शिक्षेचा प्रश्न येतो तो मेलेल्यानं स्वतःच तसा आक्रोश करा म्हणून सांगून ठेवलं असेल तर. एवढा विचार त्या एका वाक्यामागं झालेला आहे. निपाणीच्या त्या घरात पोचलं ते फक्त अर्धं वाक्य.

आता कुणी म्हणेल, हे मॉडर्न लोकांचं खूळ आहे, पाश्चात्त्यांनी शिकवलेलं आहे. नाही हो. आयेशांनी सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांच्या, कथनांत केलेल्या दुरुस्त्या चौदाव्या शतकातल्या ज़रकशी नावाच्या आलिमनं एका वेगळ्या ग्रंथात गोळा करून ठेवल्या आहेत. कुणी सांगितलं, कुणाला, कुठल्या प्रसंगी, आणि कुरआनशी ते जुळतं का, हे प्रश्न विचारायची सुरुवात पैगंबरांच्या घरातच झालीय.

हदीसचा इल्म उभा आहे तोच या प्रश्नांवर. प्रत्येक हदीसला सनद असते: अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, त्यानं त्याच्याकडून, असं थेट पैगंबरांपर्यंत. मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) या साखळीतल्या हजारो माणसांची चरित्रं तपासली. हा माणूस खरं बोलायचा का, म्हातारपणी त्याची आठवण कच्ची झाली होती का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याची आणि याची भेट तरी शक्य होती का. त्यातून सही (पक्की), हसन (चांगली), ज़ईफ (कच्ची), मौज़ू (बनावट) असे दर्जे ठरले. इमाम बुखारी (मृत्यू ८७०) यांनी सहा लाख कथनांमधून निवड केली असं सांगतात. त्यांच्या संग्रहात पुनरुक्ती धरून सात हजारांवर आणि पुनरुक्ती वगळली तर २,६०० च्या आसपास हदीस आहेत. आणि त्या बुखारी-मुस्लिममधल्याही २०० च्या आसपास हदीसांवर दहाव्या शतकात दारकुत्नी यांनी आक्षेप नोंदवले. त्यांना कुणी दीनबाहेर काढलं नाही. आजही मदरशात त्यांचं नाव अदबीनं घेतात.

आणि आमची आजची गत बघा. ‘इल्म शिकायला चीनपर्यंत जा’ हे वाक्य हदीस म्हणून सर्रास सांगितलं जातं. मुहद्दिसांनी ते ज़ईफ ठरवलंय, इब्न जौज़ींनी तर बनावट कथनांच्या यादीत घातलंय. ‘वतनवर प्रेम हा ईमानाचा भाग आहे’ हे २६ जानेवारीच्या भाषणात हमखास येतं, त्यालाही सनद नाही. म्हणून शिकू नये, वतनवर प्रेम करू नये असं थोडंच आहे? जरूर करावं. पण ते वाक्य पैगंबरांच्या तोंडी घालू नये. ‘माझ्या नावावर जो जाणूनबुजून खोटं सांगेल त्यानं आपली जागा जहन्नममध्ये बघावी’ ही हदीस इतक्या वेगवेगळ्या लोकांकडून आलीय की तिच्याबद्दल कुणालाच शंका नाही. तरी आमचा अंगठा फॉरवर्डचं बटण दाबायला क्षणभर थांबत नाही.

आता पाश्चात्त्य अभ्यासाबद्दल. त्याचं नाव काढलं की आमचे काही मौलाना कान झाकतात, आणि काही शिकलेली पोरं उलट त्याच्याच मागं धावतात. दोन्ही मला पटत नाही. इग्नाझ गोल्डझिहर हा हंगेरीचा ज्यू विद्वान. तरुणपणी कैरोत अल-अझहरमध्ये बसून शिकलेला. १८९० मध्ये त्यानं मांडलं की बऱ्याच हदीस पैगंबरांच्या काळापेक्षा नंतरच्या दोन-तीनशे वर्षांतली भांडणं दाखवतात. ज्या गटाला जे हवं ते त्यानं पैगंबरांच्या नावावर सांगितलं. जोसेफ शाख्त १९५० मध्ये आणखी पुढं गेला: सनदा उलट्या दिशेनं वाढत गेल्या, आधी मत आलं आणि मग त्याला मागं पैगंबरांपर्यंत जोडत नेलं. वाचताना पहिल्यांदा छातीत धस्स होतं. पण यातला अर्धा आरोप आमच्या मुहद्दिसांनीच आधी केलेला आहे. मौज़ू हदीसांचे अख्खे ग्रंथ त्यांनी लिहिले ते उगीच नाही. फरक एवढाच की मुहद्दिस म्हणाले, खोटी नाणी आहेत, निवडून बाजूला काढू. शाख्तचा कल सगळी थैलीच संशयास्पद धरायचा.

त्याला उत्तर दिलं ते आपल्याकडच्या माणसांनी, आणि रागानं नाही, कागद दाखवून दिलं. आमच्या दख्खनचे, हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह (१९०८–२००२) यांनी दमास्कस आणि बर्लिनमधल्या हस्तलिखितांवरून हम्माम इब्न मुनब्बिह यांची हदीसची वही छापून आणली. हम्माम हे अबू हुरैरा या सहाबींचे शिष्य. त्या छोट्या वहीत १३८ हदीस आहेत, आणि पुढच्या शतकातल्या अहमद इब्न हंबल यांच्या संग्रहाशी ताडून पाहिलं तर मजकूर फार थोड्या फरकानं तोच निघतो. म्हणजे मधल्या काळात सगळं तोंडी होतं आणि वाट्टेल तसं बदललं, हे म्हणणं तसंच्या तसं टिकत नाही. उत्तर प्रदेशातल्या मऊचे मुहम्मद मुस्तफा आज़मी यांनी केंब्रिजला १९६६ मध्ये पीएचडी केली तीही याच प्रश्नावर. आणि पुढं हाराल्ड मोट्झकी या जर्मन अभ्यासकानं एकाच हदीसच्या सगळ्या सनदा आणि सगळे पाठ शेजारी-शेजारी ठेवून, कुठला शब्द कुठल्या फांदीत बदलला ते तपासायची पद्धत बसवली. काही कथनं शाख्तनं धरलेल्या काळापेक्षा बरीच जुनी असल्याचं त्यानं दाखवलं. हे काम इतकं निगुतीनं केलेलं आहे की वाचताना मला आमचे जुने मुहद्दिसच आठवतात.

सीमाभागातल्या माणसाला खरं तर यातलं काही नवीन वाटायला नको. १९५६ पासून आपण कागदांवरच भांडतोय. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल घ्या, जुनी जनगणना घ्या, शेताचा उतारा घ्या. कागद कुणी केला, कधी केला, कुठलं गाव धरलं आणि कुठलं सोडलं, हे बेळगाव-खानापुरातला शाळेची पायरी न चढलेला म्हाताराही विचारतो. कागद फेकून देत नाही आणि डोळे झाकून अंगठाही उठवत नाही. मग दीनच्या बाबतीतच ही अक्कल आपण चपलांबरोबर मशिदीबाहेर का ठेवतो?

यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आम्हा बायकांचं. ग्रामपंचायतीत महिलांना आरक्षण आलं तेव्हापासून आमच्या बायकाही उभ्या राहतात. ओळखीतली एक भाभी अर्ज भरायला निघाली. चांगली शिकलेली, कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही फाडफाड बोलणारी. तिला घरच्याच एका पुरुषानं ऐकवलं: जी कौम आपला कारभार बाईच्या हाती देते ती कधी यशस्वी होत नाही, हदीस आहे. शेजारच्या मराठा वहिनींनी तिला विचारलं, "तुमच्यात असं लिवलंय काय गं?" ती काही बोलली नाही. अर्ज मात्र भरला नाही.

ही हदीस बुखारीत आहे, अबू बकरा या सहाबींकडून. (पहिले खलिफा अबू बकर वेगळे, हे वेगळे.) प्रसंग असा की इराणच्या बादशहाच्या मुलीला तख्तावर बसवल्याची बातमी आली, तेव्हा पैगंबर हे बोलले. आता हा एका दुश्मन राज्याच्या पडझडीबद्दलचा शेरा, की कयामतपर्यंतचा कायदा? मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी यांनी १९८७ मध्ये या एका हदीसच्या मागं लागून जुनेच ग्रंथ चाळले. अबू बकरांना हे वाक्य आठवलं कधी? ६५६ मध्ये, उंटाच्या लढाईच्या वेळी, जिथं एका बाजूचं नेतृत्व हजरत आयेशांकडं होतं आणि ती बाजू हरली. शिवाय याच अबू बकरांना व्यभिचाराची साक्ष सिद्ध झाली नाही म्हणून हजरत उमरांनी फटके मारल्याचं जुन्या ग्रंथांतच नोंदलेलं आहे. बहुतेक उलेमांना मर्निसींचा निष्कर्ष मान्य नाही. ते म्हणतात साक्ष वेगळी आणि रिवायत (हदीस सांगणं) वेगळी, सहाबी खोटं बोलणार नाहीत. मलाही अबू बकरांवर खोटेपणाचा आळ घ्यावासा वाटत नाही. पण प्रसंगाचा प्रश्न उरतोच, आणि तो कुणाचा अपमान नाही. ज्या आदिलशाहीच्या मुलखात आपलं बेळगाव होतं, तिचा कारभार चांदबिबीनं विजापुरात बसून बघितला. तेव्हाच्या दरबारी उलेमांनाही ही हदीस ठाऊक असणारच.

हदीस शिकवणाऱ्या बायका होत्या का, असं मला मुली विचारतात. होत्या, आणि ढिगानं होत्या. अकराव्या शतकात मक्केत करीमा मरवज़ी यांच्याकडं बुखारी ऐकायला लांबलांबून विद्वान येत. जौनपूरचे, आता इंग्लंडमध्ये राहणारे मौलाना अकरम नदवी यांनी मुहद्दिस बायकांची चरित्रं गोळा केली, ती ४३ खंडांत छापून आली. हे आमच्या मुलींना कुठल्याच जलशात ऐकायला मिळत नाही. मिळतं ते पडदा, नवऱ्याची सेवा, आणि जहन्नममध्ये बायका जास्त.

तीन तलाकचंच बघा. सही मुस्लिममध्ये इब्न अब्बास यांची हदीस आहे: पैगंबरांच्या काळात, अबू बकर यांच्या काळात आणि उमरांच्या पहिल्या दोन वर्षांत एका दमात दिलेले तीन तलाक एकच धरले जात. अकराशे वर्षांवर किताबात होती. आमच्या मौलवींनी ती वेळेवर बायकांना सांगितली असती, तर सुप्रीम कोर्टाच्या २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालाची वाट बघावी लागली नसती. कोर्टानं दीनमध्ये हात घातला म्हणून जे ओरडले, ते आधी कुठं होते, हा माझा सरळ प्रश्न आहे.

हदीस टाकूनच द्या, फक्त कुरआन घ्या, असं म्हणणारेही भेटतात. ते मला जमत नाही. फज्रचे दोन रकात फर्ज आणि मगरिबचे तीन, हे आपल्याला कुठून कळलं? हदीस गेली तर नमाज उभीच राहत नाही. आणि फेसबुकवर गोल्डझिहरचं नाव घेऊन इस्लामला शिव्या घालणाऱ्यांना तर अभ्यासाशी काही देणंघेणंच नाही. पाकिस्तानी विचारवंत फज़लुर रहमान यांचं म्हणणं मला जवळचं वाटतं: आधी मागं जा, तो हुकूम कुठल्या परिस्थितीत आला आणि त्याचा हेतू काय होता ते समजून घ्या, मग तो हेतू घेऊन आजच्या परिस्थितीत परत या. त्यांच्या विचारांमुळं त्यांना १९६८ मध्ये पाकिस्तान सोडावं लागलं, हे दुःख वेगळं.

आमच्या भागातली अडचण भाषेचीही आहे. घरात दख्खनी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पोरांना उर्दू बोलता येतं पण वाचता येत नाही, म्हणून किताब त्यांच्यापर्यंत पोचत नाही, पोचतो तो मोबाईलवरचा मजकूर. दौरा-ए-हदीस (मदरशातला हदीसचा शेवटचा अभ्यासक्रम) पूर्ण करून देवबंदहून आलेले आलिम आपल्या तालुक्यांत आहेत. सहा किताबा वाचलेली ही माणसं. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जुम्म्याच्या बयानात हदीस सांगताना कुठल्या किताबातली, कुठल्या दर्जाची आणि कुठल्या प्रसंगाची, हे तीन शब्दांत सांगा. मतभेद असेल तर मतभेद आहे म्हणून सांगा. लोक बिथरत नाहीत, लोकांना समजतं. आणि बायकांच्या इज्तेमात (धार्मिक मेळाव्यात) हजरत आयेशांच्या दुरुस्त्यांवर एक बयान ठेवा. मराठीत टिपण हवं असेल तर ते लिहून द्यायला मी तयार आहे, फक्त मजकूर तुम्ही तपासून द्या. निपाणीत पहिलं बयान रडण्याच्या हदीसवर व्हावं, असं मी तिथल्या आपांना कळवलंय.